धोंडो, धोंडिबा आणि आमची धोंडूआत्या

चौतीस वर्षं मी मराठी शाळेत हजेरी घेतली. कॅटलॉगात मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. वर्षानुवर्षं तेच केल्यावर एक गोष्ट लक्षात येते. नावं मरतात ती मधल्या रकान्यातून. 'संजय धोंडिबा', 'सुनीता धोंडिराम', 'अनिल दगडू', 'मंगल केरू' अशी नावं मी हजारो वेळा पुकारली असतील. पण पहिल्या रकान्यात, म्हणजे समोर बाकावर बसलेला धोंडिबा, माझ्या वर्गात एकही आला नाही. पुढे पुढे मधला रकानाही गुळगुळीत झाला. धोंडिबा आजोबा झाले आणि कॅटलॉगातून कायमचे गेले.

तर आज या नावाबद्दल लिहायचं आहे. नातेवाईकांपैकी काहींना कारण ठाऊक आहे, बाकीच्यांना पुढे कळेलच.

अर्थ सांगायला कोश उघडायला नको. धोंडा म्हणजे दगड. पण नावाची रूपं पाहा, किती तऱ्हेची! कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरी धोंडो, मान द्यायचा झाला तर धोंडोपंत. देशावर शेतकऱ्याच्या घरी धोंडिबा किंवा धोंडिराम. गडी असेल तर नुसता धोंड्या. बाई असेल तर धोंडाबाई, धोंडूबाई, धोंडी. दगड एकच, जातीप्रमाणे आणि पैशाप्रमाणे त्याला प्रत्यय वेगळे! त्यातला 'ओ' हा जुन्या मराठीतला पुल्लिंगी प्रत्यय. मोरो, नारो, विसो, केसो ही सगळी त्याच घराण्यातली नावं. मोरोपंतांचा ओ आणि धोंडोपंतांचा ओ एकच.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण शिकलेली माणसंसुद्धा तो करतात. धुंडिराज हे वेगळं नाव. ते काशीच्या गणपतीचं. ढुंढ म्हणजे शोधणे, आपलं 'धुंडणे' त्याच घरातलं. दादासाहेब फाळके धुंडिराज होते, धोंडो नव्हते. पुष्कळ घरांत नातवंडांनी आजोबांच्या धोंडोचा गुपचूप धुंडिराज करून टाकलेला मी पाहिला आहे. लग्नपत्रिकेत बरं दिसतं म्हणून. आणि हो, गोव्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत व्रत करून निखाऱ्यांवरून चालणाऱ्या भक्तांना धोंड म्हणतात. पण त्याचा आपल्या नावाशी धागा जोडायच्या मोहात मी पडणार नाही. शब्द सारखे दिसले म्हणजे नातं असतंच असं नाही, हे भाषेच्या मास्तरणीने तरी विसरू नये.

अधिक महिन्याला मात्र आपण धोंड्याचा महिना म्हणतो. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून ती भरून काढावी लागते. २०२३ चा अधिक श्रावण, २०२६ चा अधिक ज्येष्ठ हे असेच. जावयाला तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे घालायचा हाच तो महिना. या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडो किंवा पुरुषोत्तम म्हणायची रीत होती. पण सगळे धोंडो काही अधिकात जन्मले नाहीत. तेवढे अधिक महिने पंचांगात नाहीतच!

बहुतेक धोंडो जन्मले ते भीतीपोटी.

आधीची मुलं गेलेली असायची. एक, दोन, कधी पाच. मग पुढचं मूल झालं की आईबाप यमाला फसवायला बसत. चांगलं नाव ठेवलं, कौतुक केलं, अंगावर सोनं घातलं, तर 'ती' नजर पडणार. तेव्हा असं नाव ठेवायचं की नेणाऱ्याला वाटावं, ह्या, हे काय न्यायचं? दगड आहे! धोंडो आणि दगडू त्यातूनच आले. केरू आणि केरो केरातून, कचरू कचऱ्यातून. उकिरड्यावरून विदर्भात उकर्डा. भिकू, भिकाजी म्हणजे पाच घरी भीक मागून त्या दाण्यांवर किंवा मागून आणलेल्या कपड्यावर वाढवलेला. मुलाचं नाक टोचून नथ घातली की तो नथू, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं ही मुलगी आहे. (मुलगी असली तर नेणारा परत जातो, हा हिशेब कुणी केला असेल कोण जाणे!) कोंड्याच्या बदल्यात घेतलेला तो कोंडाजी, कोंडिबा. सटवाईच्या पदरात टाकला तो सटवाजी. पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवी येऊन कपाळावर लिहून जाते. तिने चांगलं लिहावं म्हणून मूल तिचंच म्हणून टाकायचं.

विधीही असत. मूल सुपात घालून उकिरड्यावर किंवा दगडावर ठेवायचं. शेजारणीने ते 'सापडलं' म्हणून उचलायचं. मग आईने शेर, दोन शेर कोंडा देऊन स्वतःचंच मूल विकत घ्यायचं. सगळ्या आळीला नाटक ठाऊक, तरी सगळ्यांनी चेहरे गंभीर ठेवायचे.

हे आपल्याकडेच चालत होतं असं नाही. बंगालमध्ये तीनकडी, पाचकडी अशी नावं असत, म्हणजे तीन कवड्यांना, पाच कवड्यांना घेतलेलं मूल. आणि खुदीराम बोस! शाळेत दरवर्षी ऑगस्टमध्ये त्याच्यावर भाषणं होत, पण नावाचा अर्थ एकाही भाषणात आला नाही. खुद म्हणजे तांदळाची कणी. आधीचे दोन मुलगे गेले म्हणून १८८९ मध्ये जन्मलेल्या या मुलाला थोरल्या बहिणीने तीन मुठी कणी देऊन आईकडून विकत घेतलं. आईवडील लवकर गेले आणि खरोखरच त्या बहिणीनेच त्याला वाढवलं. यमाला इतकं फसवून ठेवलेलं ते पोर ११ ऑगस्ट १९०८ ला मुझफ्फरपूरच्या तुरुंगात फासावर गेलं, तेव्हा वय अठरा. त्या मुझफ्फरपूरच्या बॉम्बवर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांसाठी त्याच वर्षी २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले.

टिळकांवरून आठवलं. डेक्कन कॉलेजात त्यांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे. पाळण्यातलं नाव विनायक, पण सारं जग केरो लक्ष्मण म्हणून ओळखतं. १८६० मध्ये त्यांचं 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक निघालं आणि पटवर्धनी पंचांग त्यांच्याच गणितावर सुरू झालं. आकाशातल्या ग्रहांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाचं नाव घरातल्या केरावरून! पुण्यातला सगळ्यात श्रीमंत गणपती दगडूशेठ हलवाईंच्या नावाने ओळखला जातो. आपण सगळे त्याला इतके सरावलो आहोत की 'दगडू' कुणाच्या कानाला लागतच नाही.

धोंडो नावाची मोठी माणसं शोधायला लागलं की आधी नानासाहेब पेशवे भेटतात. कर्जतजवळच्या वेणगावात १८२४ मध्ये जन्मलेला भटांचा धोंडोपंत, बाजीरावाने १८२७ मध्ये बिठूरला दत्तक घेतला. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी त्याच्यावर लाखाचं बक्षीस लावलं. त्याआधी धोंड्या वाघ. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या कैदेतून सुटला, स्वतःला 'उभयलोकाधीश्वर' म्हणवून घेऊ लागला, आणि १० सप्टेंबर १८०० ला आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना मारला गेला. त्याचा लहान मुलगा सामानसुमानात सापडला, आणि त्याच वेलस्लीने त्या पोराच्या पोटापाण्याची सोय करून ठेवली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

आणि मग अर्थात धोंडो केशव कर्वे. अण्णा. १८५८ ते १९६२, एकशेचार वर्षं! ज्याने कुणी ते नाव ठेवलं त्याचा हेतू काहीही असो, दगड टिकला खरा. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला हा मुलगा. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि हिंगण्यात सगळे त्यांना 'बाया' म्हणत. त्यांचं 'माझे पुराण' जरूर वाचा. अण्णांच्या 'आत्मवृत्ता'पेक्षा मला ते जास्त आवडतं, त्यात चुलीचा धूर आहे. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं, १९५८ मध्ये भारतरत्न. मुलांच्या नावांतही दगड पुढे गेला. रघुनाथ धोंडो, दिनकर धोंडो. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई. त्या ब्रह्मदेशात मिंज्यान इथे १९०५ साली जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीचं नाव त्यांना मिळालं. एका घरात सासरे धोंडा आणि सून नदी. मला हे फार आवडतं. उगाच.

बायकांतही हे नाव गाजलं आहे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या धोंडूताई कुलकर्णी, केसरबाई केरकरांच्या शिष्या. १९२७ मध्ये कोल्हापुरात जन्म, २०१४ मध्ये गेल्या. त्यांचं गाणं ऐकताना नावाचा अर्थ आठवला तर तो खोटा वाटतो.

पण बाईच्या बाबतीत हे नाव तितकं सरळ नाही. मराठीत धोंडा आहे तशी धोंडही आहे. गळ्यातली धोंड. ती कुणाला म्हणतात हे मराठी घरात वाढलेल्या बाईला समजावून सांगायला नको. म्हणून मुलगी धोंडी असली की प्रश्न पडतो. हा यमाला दिलेला चकवा, की मनातलं खरंच बोलून दाखवलेलं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा वर्गात पडला. माझ्या वर्गात एक नकुसा होती. नकुसा म्हणजे नकोशी. सातारा, सांगलीकडच्यांना हे नाव नवं नाही. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की तिला नकोशी म्हणायचं, म्हणजे पुढची मुलगी होणार नाही. हुशार होती, अक्षर मोत्यासारखं. हजेरीला मी नाव घेतलं की "हजर" असं खाली बघून म्हणायची. दहावीचे फॉर्म भरायच्या आधी तिची आई आली. म्हणाली, "बाई, पोरीचं नाव बदलून मिळंल का? दाखल्यावर हेच गेलं तर जन्माचं झालं." मी अर्ज लिहून दिला. तो प्रस्ताव त्या कार्यालयातून दोनदा परत आला. एकदा प्रतिज्ञापत्र नाही म्हणून, एकदा जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर शिक्का पुसट म्हणून. तोपर्यंत फॉर्मची तारीख गेली. मुलगी नकुसा या नावानेच पास झाली, पहिल्या वर्गात.

त्यामुळे २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ नकुसांना नवी नावं दिल्याची बातमी वाचली, तेव्हा ती मी दोनदा वाचली. मुलींनी आपली नावं आपण निवडली होती. कुणी नटीचं, कुणी देवीचं. कुणीतरी तेव्हा लिहिलं होतं, पूर्वी नाही का धोंडू, दगडू ठेवत, तसंच हे. नाही हो, तसं नाही! उलट आहे. धोंडू हा हवा असलेल्या मुलाला नकोसा म्हणून दाखवायचा देखावा. नकुसा हा देखावा नव्हे. केरूच्या आईने मूल उकिरड्यावर ठेवलं ते लगेच उचलण्यासाठी. नकुसाच्या नावात उचलायला कुणी आलेलंच नाही. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताच्या तीन मुलांची नावं शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ कुत्र्याची शेपटी. त्यातला मधला शुनःशेप बापाने शंभर गाईंना खरोखर विकला, बळी द्यायला. कोंडा देऊन परत घेतलेलं पोर आणि गाई घेऊन दिलेलं पोर, या दोन विक्री एका तराजूत घालता येत नाहीत.

आता घरच्या धोंडीकडे येते. माझ्या वडिलांची थोरली बहीण, जन्म १९२०. सासरी गेल्यावर तिची सुशीला झाली, तांदळात अंगठीने लिहून. रेशनकार्डावर, मतदार यादीत, पेन्शनच्या कागदांवर सुशीलाच. पण माझे वडील शेवटपर्यंत तिला धोंडूताई म्हणत, आणि तिच्या पोस्टकार्डाखाली 'तुझी धोंडू' असंच असे.

आमच्या पुतणीची मुलगी सध्या घराण्याचा वृक्ष संगणकावर तयार करते आहे. फार छान काम आहे. परदेशातल्या मुलांनाही सगळी नाती एका नजरेत दिसतील. तिने मला विचारलं, आजी, आत्यापणजीचं नाव नुसतं सुशीला लिहिलं तर चालेल ना? धोंडू वाचून मुलं हसतात. शिवाय मुलीला दगड म्हणणं बरं दिसत नाही. एका चुलत बहिणीचंही म्हणणं पडलं की मुलगी झाली म्हणून रागाने ठेवलेलं नाव ते, कशाला मिरवायचं?

मी आजीकडून जे ऐकलं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. आजीला पहिला मुलगा झाला तो चार वर्षांचा होऊन देवीने गेला. लस नव्हती असं नाही. मुंबईत १८०२ च्या जूनमध्ये पहिल्यांदा ती तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली होती. पण शंभर वर्षांनंतरही आमच्या गावात टोचणारा आला की बायका पोरं घेऊन माळ्यावर लपत. दुसरा मुलगा १९१८ च्या मानमोडीत गेला, आठ दिवसांचा. त्या साथीत एका मुंबई इलाख्यातच दहा लाखांवर माणसं गेली, आठ दिवसांचं पोर कोण मोजतं? त्या काळी साथ नसलेल्या वर्षीही हजारातली दोनशेहून जास्त बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. (२०२० मध्ये महाराष्ट्रात हा आकडा हजारी १६ होता.) त्यानंतर आत्या झाली.

आणि आजीने तिच्यासाठी काय केलं? सुईणीकडून सुपात घालून तिला परसातल्या दगडावर ठेववलं. दोन शेर कोंडा मोजून परत घेतलं. पायात लोखंडी वाळा घातला. पाच वर्षं तिच्यासाठी शुक्रवार धरले. पाचवा वाढदिवस होईपर्यंत तिला नवं कापड शिवलं नाही, मागून आणलेल्या जुन्या लुगड्याचीच झबली. मुलगी नको असती तर यातलं काही करायची गरज नव्हती. नुसतं बसून राहिलं तरी त्या काळात मुली जात. नकोशीला कुणी कोंडा मोजून परत घेत नाही. तीन वर्षांनी माझे वडील झाले तेव्हा त्यांना साधं, चांगलं देवाचं नाव ठेवलं. आजी म्हणायची, "धोंडूनं दार अडवलं हुतं, आता कशाची भीती?"

धोंडूआत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन २००८ मध्ये गेली. दात शेवटपर्यंत तिचे स्वतःचे.

पुतणीच्या मुलीशी बोलून आता असं ठरलं आहे. वृक्षात 'धोंडू' मोठ्या अक्षरांत, खाली कंसात 'सासरचं नाव सुशीला'. आणि तिच्या आधी दोन चौकोन जास्तीचे घालायचे. तिला त्यांची माहितीच नव्हती, कुळवृत्तांतात ते नाहीत. पहिल्यात 'विष्णू, वय चार'. दुसऱ्याचं बारसं झालं नव्हतं, तो चौकोन रिकामाच ठेवायला सांगितलं आहे. संगणक नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही म्हणे. त्यावर ती काहीतरी उपाय शोधते आहे.

तुमच्या घरी कुणी केरू, दगडू, भिकू, धोंडाबाई असतील तर त्यांच्या आधी कोण होतं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा आणि मला कळवा.